एक मिलिमीटरचा हिशेब
दख्खनच्या पठारावर पाणी किती पडते, खडकात किती मुरते आणि जुन्या व्यवस्थांनी ते कसे वाटून घेतले

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पहिली गाडी पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि एका खेपेचे पाणी २५ लाख लिटरवर गेले.

आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी पडते. लातूरच्या पावसाची वार्षिक सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटरच्या दरम्यान आहे. दुष्काळी वर्ष म्हणून ४०० मिलिमीटरच धरला, तरी त्या वर्षी एका हेक्टरवर ४० लाख लिटर पाणी आभाळातून आले. म्हणजे पहिल्या गाडीतले ५ लाख लिटर हे जेमतेम साडेबारा गुंठ्यांवर वर्षभरात पडलेले पाणी. पन्नास वाघिणींच्या गाडीतले पाणी दीड एकरावरचे.

दीड एकरावर पडणारे पाणी एका शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून आणावे लागते, तेव्हा केवळ ‘पाऊस कमी पडला’ एवढे सांगून भागत नाही. पडलेले पाणी कुठे गेले, जमिनीखाली किती मावले, किती उपसले आणि कशासाठी, हे विचारावे लागते. दख्खनच्या पठारावर हे प्रश्न जुने आहेत. त्यांची उत्तरे इथल्या लोकांनी ताली, टाकी, नहरी, बारवा आणि फड यांतून शोधली. ती उत्तरे नुसत्या बांधकामाची नव्हती. त्यांतल्या सर्वांत चांगल्या उत्तरांत पाणी हाती येण्याआधीच वाटपाचा हिशेब ठरलेला असे. आज आपण बांधकाम उचलले आहे आणि हिशेब मागे ठेवला आहे, असे माझे ठाम मत आहे. ते कशावरून, हे आकड्यांतूनच पाहू.

एका जिल्ह्यात दहापट फरक

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज हा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. पठाराची पश्चिमेची कड म्हणजे सह्याद्री. तिथून जमीन पूर्वेकडे उतरत जाते. म्हणून अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत, त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून थेट बंगालच्या उपसागराला मिळते.

ही कड पावसाळी ढग अडवते आणि पठाराच्या वाट्याला पर्जन्यछाया येते. एका सातारा जिल्ह्यात हे सगळे दिसते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटरस्त्याने वीसएक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरतो. पायथ्याच्या वाईत तो सातशे-आठशेच्या घरात येतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर राहतो. जिल्हा एकच, पण पश्चिम टोक आणि पूर्व टोक यांच्या पावसात दहापटीहून जास्त अंतर. अशा ठिकाणी ‘जिल्ह्याची सरासरी’ या आकड्याच्या आधाराने कोणत्याही गावाचे नियोजन होऊ शकत नाही.

आणि हा पाचशे मिलिमीटर पाऊसही वर्षभर थोडाथोडा येत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस होतो तो पावसाचा दिवस. पर्जन्यछायेत असे दिवस वर्षाला चाळीसच्या आसपास भरतात. त्यातलाही मोठा वाटा मोजक्या जोरदार सरींचा असतो. उरलेले सव्वातीनशे दिवस त्या चाळीस दिवसांवर काढायचे असतात. उघड्या पाण्याचे बाष्पीभवन मात्र वर्षाला दीड ते दोन मीटर होते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या तिप्पट-चौपट. उघड्यावर ठेवलेले पाणी या पठारावर टिकत नाही. ते कुठेतरी लपवून ठेवावे लागते. लपवायची जागा म्हणजे माती आणि खडक. आता त्या जागेत किती पाणी मावते ते पाहू.

शंभर भाग खडक, दोन भाग पाणी

गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूमिश्र गाळात शंभर घनमीटर आकारमानातून साधारण १६ घनमीटर पाणी मोकळे होते. आपल्याकडच्या झिजलेल्या आणि भेगाळ काळ्या खडकातून ते २ घनमीटरच्या आसपास, फार तर एक ते तीनच्या दरम्यान मिळते. भूजलाचा अंदाज बांधताना देशभर हेच प्रमाण वापरतात. पावसाचे पाणी मुरण्याचे प्रमाणही तसेच आहे. सच्छिद्र आणि भेगाळ बेसाल्टमध्ये पावसाच्या सुमारे १३ टक्के पाणी मुरते, नुसत्या झिजलेल्या बेसाल्टमध्ये सुमारे ७ टक्के आणि गंगेच्या गाळात वीस टक्क्यांहून अधिक.

विहीर खणणारा माणूस हे आकडे न शिकताही ओळखतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात. काळा पाषाण लागला आणि त्याला भेग नसली की तिथून पुढे खर्च वाढतो, पाणी वाढत नाही.

शंभरात दोन या प्रमाणाचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला आनंदाचा. गावाच्या १,००० हेक्टर शिवारात नेहमीपेक्षा फक्त २० मिलिमीटर पाणी जास्त मुरवले, तर भूजलाची पातळी सरासरी एक मीटरने चढते. तेवढेच पाणी गाळाच्या प्रदेशात मुरवले तर पातळी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर वाढेल. म्हणून आपल्याकडे नाला अडवला की पहिल्याच पावसाळ्यात विहिरी भरलेल्या दिसतात आणि गाव हरखून जाते.

दुसरा परिणाम काळजीचा आहे. एक मीटर चढलेल्या पातळीत हेक्टरमागे फक्त २ लाख लिटर पाणी असते. गाळाच्या प्रदेशात तेवढीच पातळी चढली तर १६ लाख लिटर साठतात. म्हणजे पठारावरची विहीर काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यामागे खडकात दडलेला साठा थोडाच असतो. ती जितक्या लवकर भरते तितक्याच लवकर रिकामी होते. या खडकाचा स्वभाव पगारापुरत्या खात्यासारखा आहे: महिन्याला जमा होते, महिन्याला खर्चावे लागते, पिढ्यांची ठेव तिथे राहत नाही.

पठारावरच्या प्रत्येक जुन्या जलव्यवस्थेने या खडकाशी आपल्यापुरता मेळ घातला होता. त्यातल्या पाच पाहू.

ताल आणि काळी माती: सर्वांत मोठे तळे

पठारावरचा सर्वांत मोठा साठा कुठल्याही धरणात नाही, तो मातीत आहे. एक मीटर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हेक्टरी २० लाख लिटर, तेही बाष्पीभवनापासून बरेचसे सुरक्षित. परतीच्या पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी एकही पाणी न देता या ओलीवर उभी राहते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात हजारो हेक्टर ज्वारी शतकानुशतके याच तळ्यावर पिकली.

माती टिकावी आणि पाणी तिच्यात थांबावे म्हणून उतारावर ताली घालत. ताल म्हणजे उताराला आडवी रचलेली दगडांची किंवा मातीची बांधवजा भिंत. तिच्यामागे दरवर्षी गाळ साचून सपाट शेत तयार होई. वाहून जाणारे पाणी जिथे पडले तिथेच थांबवण्याची ही सर्वांत स्वस्त रीत. पुढे सरकारने हेच काम समपातळी बांधांच्या रूपाने घेतले. १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा हा त्याचा कायदेशीर पाया होता आणि सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राच्या कामाचा त्याला आधार होता.

टाके: खडकाच्या दोषाचा गुण

ज्या काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, त्याच पाषाणात कोरलेल्या टाक्यातून पाणी गळतही नाही. नाणेघाट, जुन्नरची लेणी आणि सह्याद्रीवरचा जवळजवळ प्रत्येक गड या साध्या गोष्टीवर उभे आहेत. डोंगरमाथ्यावर विहीर चालत नाही, कारण पाणी झिरपून खाली निघून जाते. तिथे खडकालाच भांडे केले.

हिशेब करून पाहू. गडावरच्या ५०० चौरस मीटर उघड्या कातळावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला असे मानले, तर १० लाख लिटर पाणी टाक्यांत येते. २०० माणसांच्या शिबंदीला माणशी रोज २० लिटर लागले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना ९ लाख ६० हजार लिटर पुरतात. कातळाचा अर्धा हजार चौरस मीटर तुकडा आणि दोनशे माणसे, हा मेळ इतका नेमका बसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना पाण्याचा विचार आधी करायला सांगितला आहे, त्यामागे असाच अनुभव असणार.

नहर आणि हौद: शहराचे पाणी जमिनीखालून

शहराला रोज लागणारे पाणी मोठे असते आणि ते बारमाही लागते. मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे १६१७ च्या सुमारास त्याने शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, पुढे बंद नळांतून शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी. अहमदनगरच्या निजामशाहीनेही शहराबाहेरच्या गावांतून मातीच्या खापरी नळांनी पाणी आणले होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून दगडी बंद पाटाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत नेले. वाटेवरच्या उच्छ्वासांतून नळातली हवा निघे आणि गाळ बसे.

या तिन्ही योजनांत पंप नाही आणि उघडे पाणी जवळजवळ नाही. सगळी वाट उताराची. दीड-दोन मीटर बाष्पीभवन होणाऱ्या प्रदेशात पाणी झाकून नेणे हा मोठा शहाणपणा होता. त्याची किंमत कळावी म्हणून आजचा आकडा पाहा. शेततळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर धरला आणि ऑक्टोबर ते मे दरम्यान रोज ५ मिलिमीटर पाणी उडाले, तर एका तळ्यातून सुमारे ११ लाख लिटर हवेत जातात. ते तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले असेल तर तोटा सोसता येतो. बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेले तळे भरले असेल, तर खडकात झाकलेले पाणी आपण स्वतः उन्हात आणून ठेवलेले असते.

बारव आणि मोट: उपशाला लगाम

साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटांची विहीर ही पायऱ्यांची बारव १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली. व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. वरपर्यंत भरली असे धरले तर तिच्यात ६० लाख लिटरच्या आसपास पाणी मावेल. आकडा मोठा वाटतो, पण एका पाण्याच्या पाळीला हेक्टरी साडेसात लाख लिटर लागतात. म्हणजे एवढी भव्य विहीर एकदा रिकामी केली तर जेमतेम आठ हेक्टर भिजेल. मग विहीर टिकते ती पोटातल्या पाण्यावर नाही, रोज झऱ्यांतून येणाऱ्या पाण्यावर. उपसा झऱ्याच्या वेगाच्या आत राहिला तरच ती मे महिन्यात पाणी देते.

बैलांनी ओढायच्या मोटेने हा लगाम आपोआप लावला होता. बैलजोडीचा दम संपला की उपसा थांबे आणि रात्रभर झरे विहीर भरत. विजेच्या पंपाला दम लागत नाही. सेकंदाला पाच लिटर ओढणारा साधा पंप आठ तासांत १ लाख ४४ हजार लिटर बाहेर काढतो. पंप आला ते चांगलेच झाले, माणसाचे आणि जनावराचे कष्ट वाचले. पण मोट गेली तेव्हा तिच्याबरोबर उपशाची मर्यादाही गेली आणि तिच्या जागी गावाने दुसरा नियम बसवला नाही.

फड: आधी पीक ठरते, मग पाट सुटतो

वाटपाचा हिशेब सर्वांत नेटका दिसतो तो धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षांपासून चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा दोन ते बारा किलोमीटर लांबीचा पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून शेतापर्यंत सारंग आणि जादा पाणी नदीला परत देणारा सांडवा. बंधारे एकामागून एक असत, त्यामुळे वरच्या शेतातून झिरपलेले पाणी खालच्या बंधाऱ्यात पुन्हा हाती येई.

बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते. एक फड लहानात लहान १० हेक्टरचा, मोठ्यात मोठा २०० हेक्टरचा, बहुतेक शंभर-सव्वाशे हेक्टरचे. दरवर्षी गाव बसून ठरवते: कोणता फड भिजवायचा, कोणता पडीक किंवा कोरडवाहू ठेवायचा, कोणत्या फडात कोणते पीक. एका फडात एकच पीक. ऊस एखाद्या-दोन फडांत, बाकी फडांत हंगामी पिके. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तर त्याची झळ एकट्यादुकट्याला बसत नाही. पाटकरी, हवालदार आणि जागले पाण्याची पाळी सांभाळत आणि त्यांना मोबदला पिकातून मिळे.

अशा एका पाटाची क्षमता सेकंदाला सुमारे ४५० लिटर. दिवसरात्र वाहिला तर ३ कोटी ८९ लाख लिटर. साडेसात सेंटिमीटर खोलीच्या पाळीने, वाटेत निम्मे पाणी झिरपले असे मानूनही, रोज सुमारे २६ हेक्टर भिजतात. म्हणजे सव्वाशे हेक्टरचा फड पाच दिवसांत पुरा होतो आणि पाट पुढच्या फडाकडे वळतो. पाटाचा आकार, फडाचा आकार आणि पिकाची पाळी एकमेकांना बेतून केलेली आहेत. सगळा फड एका पिकाखाली एकसलग असल्यामुळे एका वेळी एकच चारी ओली ठेवावी लागते आणि झिरपा कमी होतो. पाणी कमी असलेल्या वर्षी भांडण करायची वेळ येण्याआधी फडच कमी केला जातो. बंधारा कुठेही बांधता येईल, पण टंचाईच्या वर्षी कोणी किती माघार घ्यायची हे पावसाआधी ठरलेले असणे, ही फडाची खरी कमाई आहे.

नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, काठांवर पंप बसले, विहिरी वाढल्या आणि प्रत्येकाला आपापले पीक निवडता येऊ लागले, तसे बरेच फड मोडले. काही अजून चालू आहेत.

ज्यांना वाटा नव्हता

जुन्या व्यवस्थांचा गौरव करताना त्यांच्या हिशेबातून कोण वगळले होते, हेही लिहायलाच हवे. फडात वाटा जमीनवाल्यांचा होता, भूमिहीनांचा नव्हता. गावच्या विहिरीवर, शहरातल्या हौदावर दलितांना पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर केला, तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. जुन्या रचनेतून घ्यायचे ते मर्यादा पाळण्याचे ज्ञान. कोणाला वगळायचे हा तिचा नियम नको.

मर्यादा सुटली तेव्हा

१९७२ चा दुष्काळ हे वळण ठरले. रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव आणि नालाबांध झाले, लाखो लोकांना हाताला काम मिळाले. त्याच काळात पिण्याच्या पाण्यासाठी आलेली बोअर खोदणारी यंत्रे पुढे शेतीत शिरली. मोठी धरणे वाढत गेली. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त, तरी राज्यातली बहुतेक शेती आजही कोरडवाहू आहे आणि जी भिजते तिच्यातली निम्म्याहून अधिक विहिरींवर आणि बोअरवर.

धरण हा पठारावर महागडा साठा आहे. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पूर्ण भरल्यावर पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडाले तर तो आकडा १७५ कोटी लिटर होतो. शहरे, उद्योग आणि मोठे कालवे यांना धरण लागणारच. पण प्रत्येक गावाची तहान धरणावर टाकणे या हवामानाला परवडत नाही.

आणि मग ऊस. उसाला हंगामभर दोन ते अडीच मीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी किमान २ कोटी लिटर. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने साखरेवरच्या अहवालात दाखवले होते की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो. उसाला खात्रीचा खरेदीदार आहे, म्हणून शेतकरी तो लावतो. त्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. ज्वारी, तूर, करडई यांना तसाच खात्रीचा भाव मिळाला तर पाण्याचे निम्मे काम बाजारच करील.

एका गावाचा ताळेबंद

एक गाव डोळ्यांपुढे आणू: १,००० हेक्टर शिवार, १,५०० लोकवस्ती, ५०० मिलिमीटर पाऊस. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण पर्जन्यछायेतल्या शेकडो गावांना ते लागू पडतील.

वर्षभरात शिवारावर पडणारे पाणी ५०० कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर पिण्या-वापरण्याला वर्षाला लागतात ३ कोटी लिटर. पाचशे जनावरांना रोज ६० लिटर दिले तर आणखी १ कोटी १० लाख. दोन्ही मिळून पडलेल्या पावसाच्या एक टक्क्यापेक्षा कमी. तहान भागवायला पाणी कमी पडायचे काहीच कारण नाही.

भेगाळ बेसाल्टात १३ टक्के मुरले तर जमिनीखाली जातात ६५ कोटी लिटर. खडक नुसता झिजलेला असेल तर ३५ कोटी. चांगल्या बाजूने ६५ धरू. आता त्याच गावात विहिरींवर ३० हेक्टर ऊस लावला, हेक्टरी २ कोटी लिटरप्रमाणे, तर ६० कोटी लिटर तिथेच संपले. शिवाराच्या तीन टक्के जमिनीने गावाचे जवळजवळ सगळे भूजल घेतले. ठिबकने तीस-चाळीस टक्के वाचले तरी निम्म्याहून जास्त पाणी त्या तीन टक्क्यांतच जाते. उरलेल्या ९७० हेक्टरांची आणि दीड हजार माणसांची तहान मग टँकरवर येते. हेच ६० कोटी लिटर हेक्टरी साडेसात लाखांच्या दोन संरक्षित पाळ्यांत वाटले, तर ४०० हेक्टर ज्वारी-हरभऱ्याला पुरतात.

गावाने पाणलोटाची चांगली कामे केली आणि मुरणे २० कोटी लिटरने वाढवले असे समजा. पातळी एक मीटर चढेल, गावाला आनंद होईल आणि पुढच्या हंगामात आणखी दहा हेक्टर ऊस लागला तर ते सगळे २० कोटी संपतील. बंधारे बांधूनही टँकर का थांबत नाही, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारसारख्या मोहिमांनी अडवण्याची बाजू पुष्कळ हाताळली. खर्चाची बाजू मोकळीच राहिली.

ज्यांनी वजाबाकी केली

विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावापासून पाणी पंचायतीची उभारणी केली. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसावर ठेवला: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क आणि ऊस नाही. फडाची मर्यादा त्यांनी घेतली आणि फडाने वगळलेल्यांना आत आणले.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे शिवार सुमारे ९७५ हेक्टर आणि पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० च्या दशकात समपातळी चर, बांध, वनीकरण केले. पण असे काम इतर गावांनीही केले होते. हिवरे बाजार वेगळे ठरले ते शेतीसाठी बोअर न घेण्याच्या आणि उसासारखी पिके टाळण्याच्या नियमांमुळे. तिथे ग्रामसभा पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवते. फडातला पाटकरी जे करायचा ते इथे ग्रामसभा करते.

राज्याने कायदाही केलेला आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई करतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मोजणारी यंत्रणा आहे, कायदा आहे. गावात बसून त्यावरून पीक ठरवण्याची सवय मात्र अजून फार थोड्या गावांना आहे.

ऑक्टोबरची ग्रामसभा

ती सवय लावायला मोठा निधी लागत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की प्रत्येक ग्रामसभेपुढे पाच आकडे फळ्यावर लिहिले जावेत. यंदा आपल्याच गावच्या पर्जन्यमापकावर किती मिलिमीटर पाऊस झाला. ठरवून निवडलेल्या दहा विहिरींची पातळी मे महिन्यापासून किती मीटर चढली. त्या चढीला शिवाराच्या क्षेत्राने आणि दोन टक्क्यांनी गुणले की जमिनीखाली किती पाणी आले. त्यातून माणसे आणि जनावरे यांचे जूनअखेरपर्यंतचे किती पाणी आधी बाजूला काढायचे. उरलेल्या पाण्यात किती हेक्टर कोणते पीक बसते.

पहिले चार आकडे शाळेतली मुले मोजू आणि मांडू शकतील. पाचवा मोठ्यांनी ठरवायचा आहे आणि तो अवघड आहे, कारण त्यात कोणाला तरी ऊस कमी करावा लागेल आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्यालाही वाटा द्यावा लागेल. साखर कारखाना, बाजारभाव आणि सरकारची खरेदी यांनी साथ दिली तर तो सोपा होईल. ती साथ मागण्याचा अधिकार गावाला आहे आणि हिशेब हातात घेऊन मागितली तर तिला वजन येते. पांझराकाठच्या गावांनी हा पाचवा आकडा शेकडो वर्षे दरसाल ठरवला. या पठारावरची बाकीची गावेही तो ठरवू शकतात. सुरुवात येत्या ऑक्टोबरपासूनच करावी.